मानवतावादाला संघटना हवी

भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ साली बेचाळीसाव्या दुरुस्तीने दाखल झाला. तो आणीबाणीत घातला गेला म्हणून काढून टाकावा, अशी मागणी अधूनमधून होत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशा आशयाच्या याचिका फेटाळल्या आणि निदान न्यायालयापुरता त्या वादावर पडदा पडला. परंतु त्याच दुरुस्तीने घटनेत आणखी एक गोष्ट आणली. तिच्याविषयी कोणी भांडत नाही, कारण तिची फारशी कोणाला आठवणच नाही. कलम ५१-क मध्ये नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची जी यादी आहे, तीत विज्ञाननिष्ठ दृष्टी, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती यांचा विकास करणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. मानवतावाद हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून एखाद्या देशाच्या घटनेने नमूद करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र कर्तव्य सांगणे निराळे आणि ते पार पाडण्याची सोय असणे निराळे. धर्माने सांगितलेली कर्तव्ये पार पाडण्यासाठी मंदिरे आहेत, मशिदी आहेत, चर्च आहेत, मठ आहेत, पुरोहित आहेत, ज्ञातिमंडळे आहेत. घटनेने सांगितलेले हे कर्तव्य नागरिकाने कोणाच्या सोबतीने पार पाडावयाचे? धर्मनिरपेक्षता म्हणजे शासनाने कसे वागावे याचा नियम होय. माणसाने जन्म, विवाह, आजार, मृत्यू या प्रसंगी कोणाचा हात धरावा, याचे उत्तर त्या नियमात नाही. ते उत्तर समाजाला द्यावे लागते. आपल्याकडे मानवतावादाचे विचारवंत पुष्कळ झाले, त्याच्या संस्था मात्र थोड्या झाल्या. आणि धर्मनिरपेक्षतेची आज जी ओढाताण चालली आहे तिचे एक मोठे कारण या उणिवेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकट्याने सोसावयाचा भुर्दंड

कायद्याने दिलेले स्वातंत्र्य वापरण्याची एक किंमत असते आणि ती बहुधा व्यक्तीला एकटीला मोजावी लागते. नाशिक येथील एका शाळेतील शिक्षकाने परिपाठाच्या वेळी प्रार्थनेला हात जोडण्यास नकार दिला. त्याची वेतनवाढ अडली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करणे हे घटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचे उल्लंघन आहे, असा निर्णय २०१३ साली लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने असे सांगितले की, कोणत्याही अर्जात आपला धर्म नमूद करण्याची सक्ती शासन नागरिकावर करू शकत नाही. ‘मला कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा अधिकार सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु हे निर्णय मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी माणसे किती निघणार? शाळेत, कचेरीत, महाविद्यालयात ज्यांना अशी अडचण येते, त्यांतील बहुतेक जण मुकाट्याने हात जोडतात, वर्गणी देतात आणि अर्जातील रकाना भरून मोकळे होतात. याला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. वास्तविक तो व्यवहार असतो. नकाराचा सारा भुर्दंड एकट्यावर आणि त्याचा लाभ मात्र सर्वांना, असा हिशेब असेल तर नकार देणारे थोडेच असणार.

विवाहाचेही तसेच. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर प्रचलित धर्मांपैकी कोणताही धर्म आपण मानीत नाही असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढून टाकली, पण तीस दिवसांची जाहीर नोटीस राहिली. ही नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते. घरच्यांच्या संमतीने लग्न करणाऱ्यांना तिचा त्रास नाही. ज्यांना जात आणि धर्म ओलांडून लग्न करावयाचे आहे, त्यांच्यासाठी मात्र हा महिना जिवावरचा ठरू शकतो. त्या महिन्यात त्यांना राहावयास जागा लागते, वकील लागतो, साक्षीदार लागतात आणि चार वडीलधारी माणसे पाठीशी उभी असावी लागतात. कायद्याने हक्क दिला, ही चार माणसे तो देऊ शकत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सामुदायिक कृतीची जी मीमांसा केली, ती येथे उपयोगी पडते. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना सारखाच मिळतो, तिच्यासाठी झीज सोसण्यास मोठ्या समूहातील सुटी माणसे सहसा पुढे येत नाहीत. ती पुढे यावीत यासाठी सभासदांना काही वेगळा, प्रत्यक्ष लाभ द्यावा लागतो. धर्मसंस्थांना आणि ज्ञातिसंस्थांना हे सूत्र ओल्सनच्या कितीतरी आधी उमगले होते. त्या नुसता मोक्ष देत नाहीत. वसतिगृहात खोली देतात, शिष्यवृत्ती देतात, पतपेढीतून कर्ज देतात, वधूवर सूचक मंडळ चालवितात आणि माणूस गेला की खांदेकरी पाठवितात. अशा संस्थेपासून दूर होणे म्हणजे केवळ एक श्रद्धा सोडणे नव्हे, तर विमा, बँक आणि शेजार हे सर्व एकदम सोडणे होय. जातपंचायतीच्या बहिष्काराची धार येथेच आहे.

सत्यशोधकांचा धडा

हे सर्व महाराष्ट्राला नवे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून माणसाला जगता आणि मरता आले पाहिजे, हा विचार जोतीरावांनी ग्रंथांत मांडून सोडून दिला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात समाजाने आपल्या पद्धतीने, अल्प खर्चात लग्न लावून दाखविले. याला विरोध झाला तो केवळ श्रद्धेपोटी झाला असे नव्हे. गावजोशाचे वतन हा एक आर्थिक हक्क होता. आपल्याला डावलून लग्न लावले म्हणून जोशी दक्षिणेचा दावा लावू शकत असे. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील असा एक वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न केलेल्या विधीचा मोबदला मागण्याचा हा वंशपरंपरागत हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने रद्द व्हावयास १९२६ साल उजाडावे लागले. म्हणजे सत्यशोधकांनी पर्यायी सोय आधी उभी केली आणि कायदा तिच्या मागाहून पन्नास वर्षांनी आला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळात याच समाजाने धनकवडी येथे अनाथ व उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे सत्यशोधक विचारांच्या मुशीतून घडलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निघालेली वसतिगृहे बहुशः एकेका जातीची होती. त्या काळी त्यांची गरज होती आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण भाऊरावांनी त्याच्यापुढचे पाऊल टाकले. महार, मराठा, मुसलमान, जैन मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून जेवू लागली. त्या मुलांना कोणी मानवतावादावर व्याख्यान दिले असेल वा नसेल. पण सकाळी पाणी भरताना आणि संध्याकाळी भाकरी वाटून घेताना तो त्यांच्या अंगवळणी पडला. ज्या विचाराला स्वतःचे स्वयंपाकघर असते तो विचार टिकतो, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते.

रॉयवाद्यांची कमाई आणि उणीव

विचाराच्या खोलीच्या दृष्टीने पाहिले तर विसाव्या शतकातील भारतीय मानवतावादाचे शिखर म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांचा नवमानवतावाद. महाराष्ट्रातील बुद्धिमंतांची एक पिढीच्या पिढी रॉय यांच्याकडे ओढली गेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, न्या. वि. म. तारकुंडे ही त्यांतील ठळक नावे. रॉय यांनी १९४० साली रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. १९४६ च्या निवडणुकांत या पक्षाचा पार धुव्वा उडाला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या तत्त्वज्ञानाची बावीस सूत्रे मांडली आणि १९४८ च्या अखेरीस पक्षच विसर्जित केला. पक्षपद्धती ही सत्तेच्या मागे धावते आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मारक ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः उभारलेला पक्ष तत्त्वासाठी मोडून टाकणारा नेता जगाच्या इतिहासात विरळाच. त्याच सुमारास रॉयवाद्यांनी वाढविलेली इंडियन फेडरेशन ऑफ लेबर ही कामगार संघटनाही हिंद मजदूर सभेत विलीन झाली.

रॉय यांच्या निर्णयातील नैतिक धैर्य मान्य करूनही असे विचारणे भाग आहे की, पक्ष गेला, कामगार संघटना गेली, मग उरले काय? उरली अभ्यासमंडळे, नियतकालिके, शिबिरे आणि तेजस्वी व्यक्ती. या व्यक्तींनी केलेले कार्य फार मोठे आहे. तारकुंडे यांनी न्यायासन सोडल्यावर १९७४ साली जयप्रकाश नारायण यांच्या समवेत ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ची उभारणी केली, आणीबाणीत आणि नंतर नागरी हक्कांच्या चळवळीचा ते आधारस्तंभ राहिले. तर्कतीर्थांनी वाईतून ‘नवभारत’ आणि पुढे विश्वकोश यांच्या द्वारा मराठी मनाची मशागत केली. १९५२ साली ॲम्स्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या संस्थापक संघटनांत रॉय यांची भारतीय चळवळ होती. परंतु या सर्वांत सामान्य कारकुनाला, शिक्षकाला, गिरणीकामगाराला आपले घर बांधता येईल असा कोपरा कोठे होता? चळवळीत शिरावयाचे तर आधी बावीस सूत्रे समजली पाहिजेत, अशी परिस्थिती असेल तर दारात गर्दी होणार नाही.

ॲम्स्टरडॅमच्या त्याच सभेत सामील असलेल्या डच मानवतावादी संघाने निराळा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली स्थापन झालेल्या या संघाने तुरुंगात, सैन्यात, रुग्णालयात धर्मगुरूंच्या जोडीला निधर्मी समुपदेशक हवेत असा आग्रह धरला आणि कालांतराने तो शासनाकडून मान्य करून घेतला. १९८९ साली युट्रेख्ट येथे मानवतावादी अभ्यासाचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. नॉर्वेत १९५६ साली निघालेल्या संघटनेची सभासदसंख्या आज एक लाखाच्या वर आहे, आणि त्या देशाची लोकसंख्या आपल्या पुणे महानगराहून कमीच आहे. ही माणसे काही ग्रंथ वाचून सभासद झाली नाहीत. मुले वयात आल्याचा समारंभ, लग्न, अंत्यविधी या प्रसंगी ती संघटना त्यांच्या दारी आली, म्हणून झाली. तेथे शासन सभासदसंख्येनुसार अनुदान देते. आपण ते घेऊ नये, कारण सरकारी अनुदानावर जगणारी सुधारणा सरकारच्याच मर्जीने चालू लागते आणि नागरिकांची धर्मवार नोंदवही आणखी पक्की होते. पण सेवेचा धडा घेण्यास हरकत नाही.

संघटना माणसामागे उरते

आपल्याकडे प्रश्न अधिक बिकट आहे. कारण येथे वेगळे वागणाऱ्याला मरणानंतरही जागा मिळेल की नाही याची शाश्वती नसते. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला आणि तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठविला. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातच त्यांनी फुल्यांशी नाते जोडले होते. प्रा. अ. भि. शहा यांची इंडियन सेक्युलर सोसायटी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले. कोणताही धार्मिक विधी न करता आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. दलवाई गेले, मंडळ मात्र टिकले. तलाकपीडित स्त्रियांना सल्ला आणि आधार देण्याचे काम त्याने चालू ठेवले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला तेव्हा त्या सात स्त्रियांच्या मोर्चाला एक्कावन्न वर्षे लोटली होती. इतका काळ एखादी मागणी जिवंत ठेवावयाची तर माणसाचे आयुष्य पुरत नाही. त्याला संस्थाच लागते.

याहून जळजळीत उदाहरण डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. गावोगाव शाखा, शाळांतून प्रयोग, शिबिरे, मासिक, वर्गणी, हिशेब अशी शिस्तीची बांधणी केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी समितीने सुमारे दीड तप पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली आणि इतर तिघांना पुराव्याअभावी सोडले. गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या हत्या त्यानंतर झाल्या. माणूस मारला की विचार मरतो, असा मारेकऱ्यांचा हिशेब असावा. महाराष्ट्रात तो चुकला, कारण दाभोलकरांनी आपल्यामागे भक्त ठेवले नव्हते, कार्यकर्ते ठेवले होते. त्याच २०१३ साली नाशिक येथे आंतरजातीय विवाह करणाऱ्या एका मुलीची हत्या झाली आणि समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. दंड, वाळीत टाकणे, लग्नांना बंदी अशा तक्रारी घेऊन गावोगावची माणसे पुढे आली. त्यातूनच २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. बहिष्कार घालणाऱ्यास त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला बहिष्कारविरोधी कायदा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात रद्दबातल ठरला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

आक्षेपांचा विचार

मानवतावाद संघटित झाला की त्याचाही एक पंथ होईल, त्यातही महंत निपजतील, हा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो निराधार नाही. सत्यशोधक चळवळीचे पुढे राजकारणाच्या ओघात काय झाले हे आपण पाहिले आहे. पण पंथ आणि संघटना यांत फरक करता येतो. जेथे पदाधिकारी निवडून येतात आणि पायउतार होतात, हिशेब तपासला जातो, संस्थापकाच्या शब्दालाही आव्हान देता येते आणि सभासदाला कोणत्याही दिवशी निर्धास्तपणे बाहेर पडता येते, तो पंथ नव्हे. या चार कसोट्या पाळल्या तर महंतांची भीती उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की आपला समाज श्रद्धाळू आहे, त्याला सर्वधर्मसमभाव पुरे. सर्व धर्मांविषयी सद्भाव हा उत्तम नागरी शिष्टाचार आहे, यात शंका नाही. परंतु समभाव दोन धर्मांमधील भांडण मिटवितो. धर्माच्या आत एकट्या पडलेल्या माणसाची दाद तो घेत नाही. वाळीत टाकलेला बोहरा, तलाक मिळालेली स्त्री, जातीबाहेर लग्न केलेली मुलगी यांचे गाऱ्हाणे आपल्याच धर्मातील, आपल्याच जातीतील वरिष्ठांविरुद्ध असते. त्यांच्या बाबतीत सर्व धर्मांच्या प्रमुखांना एका व्यासपीठावर बसवून काय साधणार? शिवाय मानवतावादी संघटनेत येण्यासाठी देव नाकारण्याची अट घालण्याचेही कारण नाही. माणसाची प्रतिष्ठा ही त्याच्या जन्मावर वा श्रद्धेवर अवलंबून नाही, एवढे मान्य असणाऱ्या श्रद्धावंतालाही त्यात जागा असली पाहिजे.

करता येण्याजोगे

मग काय करावयाचे? यासाठी नवा पक्ष नको की मोठे भांडवल नको. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक कार्यालय असावे. तेथे नोंदणी विवाहाची सर्व माहिती, साक्षीदार आणि नोटिशीच्या महिनाभर सुरक्षित निवारा मिळावा. विधीवाचून पण गांभीर्याने विवाह आणि अंत्ययात्रा पार पाडू शकतील अशी दहा-वीस माणसे तयार असावीत; दुःखाच्या वेळी माणसाला युक्तिवाद नको असतो, सोबत हवी असते, हे त्यांना ठाऊक असावे. देहदान व नेत्रदानाची व्यवस्था तेथेच व्हावी. सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह असावे, मग ते वीस मुलांचे का असेना. आणि शाळा-कचेरीतील सक्तीविरुद्ध दाद मागणाऱ्यासाठी एक कायदेविषयक निधी असावा. महाराष्ट्रातील शिक्षक, कारकून, प्राध्यापक हा वर्ग संघटनेला अपरिचित नाही. पगारासाठी, महागाई भत्त्यासाठी त्याने बलाढ्य संघ उभारले, दीर्घ संप केले. वर्षातील एका दिवसाचा पगार या कामी द्यावयाचा असे त्यातील शंभरांपैकी एकाने जरी ठरविले, तरी वर सांगितलेल्या कामांना पैसा कमी पडणार नाही.

२०११ च्या जनगणनेत आपला धर्म न सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख होती. हे सर्व मानवतावादी होते असे कोणी म्हणणार नाही. आणि जे मनाने मानवतावादी आहेत त्यांतील बहुसंख्यांची नोंद या ना त्या धर्माच्या रकान्यात झालेली असणार. ही माणसे आहेत, पण एकमेकांस ठाऊक नाहीत. घटनेतील एक शब्द राहिला की गेला यावर धर्मनिरपेक्षतेचे भवितव्य ठरावयाचे नाही. जातिधर्माच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्या मुलामुलीसाठी आपल्या गावात एक दार उघडे आहे की नाही, यावर ते ठरेल. ते दार उघडण्याचे काम सरकारचे नाही. कलम ५१-क ने ते आपल्यावरच सोपविले आहे.